टाकीतला ऊस

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून विकण्याचा आपल्या देशातला प्रयोग २००१ साली तीन ठिकाणी झाला: मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातलं बरेली. तीनपैकी दोन गावं महाराष्ट्रातली, आणि त्याला कारण होतं. मिरजेच्या आसपास कोसाकोसावर साखर कारखाने, कारखान्याला लागून आसवनी, आसवनीत मळीपासून निघणारं स्पिरिट. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे साठे. माल इथे होता आणि तो मिसळायची सोयही इथेच होती.

जानेवारी २००३ पासून नऊ राज्यं आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण ठरलं. पुढची दहा वर्षं ते बहुतेक कागदावरच राहिलं. २०१३-१४ च्या पुरवठा वर्षात देशाची सरासरी जेमतेम १.५३ टक्के होती. मग वेग आला. २०१८ च्या जैवइंधन धोरणानं वीस टक्क्यांसाठी २०३० साल धरलं होतं, ते पुढे पाच वर्षं अलीकडे आणलं. जून २०२२ मध्ये दहा टक्के गाठले. ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळूरला पंतप्रधानांच्या हस्ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची सुरुवात झाली, आणि २०२५ मध्ये देशाची सरासरीच वीसवर पोचली. दीडवरून दहावर यायला आठ वर्षं लागली, दहावरून वीसवर यायला तीन. पंपावर साधं पेट्रोल मागावं तर आता तेच मिळतं.

धोरणाची ही घाई मला समजते. आपण लागतं त्यातलं बहुतेक कच्चं तेल बाहेरून आणतो. मिश्रणामुळे गेल्या दशकभरात १ लाख ४४ हजार कोटी रुपयांचं परकीय चलन वाचलं, असं पेट्रोलियम मंत्रालय सांगतं. ऊसवाल्याला आणि मकावाल्याला नवं गिऱ्हाईक मिळालं. हे सगळं मान्य करूनच मला त्या तीन वर्षांबद्दल लिहायचं आहे, कारण इंधन तीन वर्षांत बदललं तरी रस्त्यावरच्या गाड्या तीन वर्षांत बदलत नाहीत.

जुनी गाडी म्हटलं की डोळ्यांपुढे फियाट येते, अँबॅसिडर येते, कुणाच्या तरी आजोबांची लॅम्ब्रेटा येते. ई-२० च्या बाबतीत ‘जुनी’ची रेघ फार अलीकडे पडते. १ एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांचे पाइप, सील, पंप हे सगळं वीस टक्के इथेनॉल सोसेल अशा मालाचं असावं, असं ठरलं. इंजिनाची जुळणीच त्या इंधनासाठी करायची मुदत त्यानंतर, एप्रिल २०२५ ची. म्हणजे २०२१ ला घेतलेली, अजून हप्ते चालू असलेली गाडीसुद्धा या हिशोबात जुनी. २००८ नंतरच्या बहुतेक गाड्यांचे रबर-प्लास्टिकचे भाग दहा टक्क्यांपर्यंत चालणारे होते. वीसचं आश्वासन त्यांना कुणी दिलेलं नव्हतं.

खरी गोची दुचाकींची आहे. बीएस-सहाचे प्रदूषण-नियम एप्रिल २०२० ला आले, तेव्हा आपल्या साध्या मोटारसायकली आणि स्कूटरी जवळजवळ सगळ्या फ्यूएल इंजेक्शनवर गेल्या. त्याआधीच्या बहुतेक सगळ्या कार्बोरेटरच्या. दूधवाल्याची, वायरमनची, ग्रामसेवकाची, आशाताईंच्या यजमानांची, कॉलेजला जाणाऱ्या पोराला बापानं दिलेली. महाराष्ट्र ज्यांच्यावर रोज कामाला जातो त्या गाड्या या. ई-२० ची चर्चा मात्र मोटारवाल्यांनी आणि मोटारींसाठीच चालवली.

या कार्बोरेटरच्या आत काय होतं ते जरा सावकाश पाहू.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं साधारण पावणेपंधरा पट हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत मुळातच प्राणवायू आहे, वजनाच्या सुमारे ३५ टक्के, म्हणून त्याला नऊ पट हवा पुरते. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात प्राणवायू जास्त दिसला की तो कळवतो आणि संगणक इंधन वाढवतो. कार्बोरेटरला असं काही कळत नाही. त्याच्या पितळी जेटला एक बारीक भोक आहे, आणि ते भोक पेट्रोलसाठी मोजून पाडलेलं आहे. त्यातून येणारं इंधन आता हवेच्या मानानं कमी पडतं. मेस्त्री लोक म्हणतात, मिश्रण ‘लीन’ झालं. त्याची लक्षणं सगळ्या गॅरेजांत सारखी ऐकू येतात: सकाळी दोन किक जास्त लागतात, चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, एकदम थ्रॉटल दिलं की गाडी अडखळते, चढावर मिसिंग मारते. टू-स्ट्रोकमध्ये लीन मिश्रण अधिक वाईट, कारण तिथे पिस्टनला थंडावा आणि वंगण दोन्ही त्या तेल घातलेल्या पेट्रोलातूनच मिळतं. ते कमी पडलं तर पिस्टन जाम होऊ शकतो. अजून चेतक, एम-८० किंवा आरएक्स-१०० सांभाळणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. एक लिटर पेट्रोलात साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, एक लिटर इथेनॉलात २१. वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे पावणेसात टक्के ऊर्जा कमी, आणि दहा टक्क्यांच्या मिश्रणाच्या तुलनेत साडेतीन. हे गणित कुणालाही टाळता येणार नाही. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातही ते आहे: मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं अॅव्हरेज सहा ते सात टक्के घटेल, तशाच दुचाकीचं तीन ते चार, आणि दहासाठी बनवून वीससाठी जुळवलेल्या चारचाकीचं एक ते दोन. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा चांगला असतो, ई-२० चा ९५ पर्यंत जातो. पण त्याचा फायदा जास्त दाबाच्या, त्यासाठीच जुळवलेल्या इंजिनाला मिळतो. शंभर सीसीच्या जुन्या मोटारसायकलला वाढीव ऑक्टेनचं काही करता येत नाही.

पैशांत बोलायचं तर महिन्याला हजार किलोमीटर फिरणारा, लिटरला पन्नासचं अॅव्हरेज मिळवणारा माणूस वीस लिटर पेट्रोल घालतो. चार टक्के घट धरली तर पाऊण लिटर जास्त, म्हणजे ऐंशी-एक रुपये. वर्षाला हजार. मोटारवाल्याच्या लेखी ही रक्कम किरकोळ असेल. घरोघर दूध घालणाऱ्याच्या लेखी नाही. आणि लिटरमागे ऊर्जा कमी झाली म्हणून पंपावरचा भाव कमी झाला नाही. मंत्रालयाचं उत्तर असं, की जुलै २०२५ अखेर इथेनॉलचा सरासरी भाव वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला ७१.३२ रुपये पडत होता, शुद्धीकरण कारखान्यातून निघालेल्या पेट्रोलपेक्षा जास्त. उत्तर खरं आहे. पण त्यातून एवढंच कळतं, की धोरणाची किंमत वाहन चालवणाऱ्याकडून घेतली जाते आहे. ती घ्यायची तर त्याला सांगून घ्यायला हवी होती.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि तिच्याबद्दल अफवा फार. बाटलीत पेट्रोल घ्यायचं, थोडं पाणी ओतून हलवायचं, आणि तळाशी साचलेला जाड थर दाखवून ‘पंपवाला पाणी घालतो’ असं ओरडायचं, असे व्हिडिओ घरोघर फिरले. त्या बाटलीत भेसळ सिद्ध होत नाही. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी प्रिय. पाणी मिळालं की ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि तळाचा थर वाढतो. हलवण्याआधी किती पाणी घातलं आणि नंतर थर किती झाला यातला फरक म्हणजे इथेनॉल, हे मोजनळीत कुणालाही ताडून पाहता येतं. मात्र हीच गोष्ट टाकीत घडली तर ती गंभीर. नुसत्या दमट हवेनं असा थर सुटायला फार काळ लागतो, आणि वीस टक्क्यांचं मिश्रण दहापेक्षा जास्त पाणी पोटात ठेवू शकतं. धोका ओतल्या गेलेल्या पाण्याचा आहे: झाकणाचं रबर गेलेली टाकी पावसात उभी राहिली तर, किंवा पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाळ्यात पाणी झिरपलं तर. मग पाणी आणि अल्कोहोलचा थर तळाशी बसतो, आणि पेट्रोल कॉक ओढतो तोही तळातूनच. गाडी बंद पडते. तशीच उभी राहिली तर पत्रा आतून गंजतो. कोकणात चार महिने ताडपत्रीखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा हा प्रश्न आहे.

आणि चौथी गोष्ट रबराची. साधं नैसर्गिक रबर, जुन्या जातीचं नायट्राइल रबर, कॉर्कचं गॅस्केट, काही प्रकारचं फायबरग्लास हे इथेनॉलात फुगतं, मऊ पडतं. कोरडं झालं की आकसून तडकतं. कार्बोरेटरचं जस्ताच्या मिश्रधातूचं अंग आतून पांढरट पडतं. जुन्या टाक्यांना आतून शिसं-कथलाचा मुलामा असे, तोही सुटतो. शिवाय इथेनॉल उत्तम सफाई करतं: वीस वर्षांचा टाकीतला गाळ आणि गंज मोकळा करून थेट जेटपर्यंत आणून सोडतं. ई-२० घातल्याबरोबर गाडी बिघडली असं ज्यांना वाटलं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या टाकीतला हा आधीचा गाळ असतो. उलट व्हायटन, टेफ्लॉन, स्टेनलेस, हे सगळं इथेनॉलला दाद देत नाही. नव्या गाडीत बदललं आहे ते हेच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मेस्त्रींनी मला नीडल व्हॉल्व्हचं टोक दाखवलं. पूर्वी टोकदार असलेलं काळं रबर फुगून बोथट झालं होतं, त्यामुळे फ्लोट वर आला तरी पेट्रोल थांबत नव्हतं, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: इंजिन फुटलं अशी एकही गाडी त्यांच्याकडे आलेली नाही, येतात त्या पाइप कडक झालेल्या, कॉक गळणाऱ्या, जेट कोंदलेल्या. पूर्वीही यायच्या, आता लवकर येतात. कार्बोरेटरचं किट, कॉकचं किट, हातभर चांगला पाइप आणि टाकी धुणं एवढ्यात काम होतं. काही गाड्यांना ते एक नंबर मोठं जेट बसवतात, म्हणजे लीनपणा जातो. त्यांना राग एकाच गोष्टीचा होता. गिऱ्हाईक दर वेळी आधी त्यांच्यावरच संशय घेतं.

सरकारचं म्हणणं याहून फार वेगळं नाही, हे नमूद करायला हवं. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रालयानं खुलासा केला की इंजिनाला धोका नाही, अॅव्हरेजमधली घट मामुली आहे, आणि काही जुन्या गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबराचे काही भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. खर्च थोडा, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होण्याजोगा. मग हीच माहिती २०२३ मध्येच प्रत्येक पंपावर मराठीत का लावली नाही? गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत ‘दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल वापरा’ असं छापलेलं असताना मालकानं कुणावर विश्वास ठेवावा? कंपनीच्या छापील शब्दावर की पंपावरच्या नळीवर?

जुन्या मोटारींची कथा थोडक्यात सांगता येते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली, पण हौशी लोकांच्या दारात ती आहे. तिच्या पेट्रोल पंपातला पडदा आणि सगळे रबरी पाइप बदलायला लागतील. जे लोक तिचं हॉर्नचं बटण शोधत चोरबाजार पालथा घालतात, ते हेही करतील. कार्बोरेटरवाली मारुती ८०० अजून तालुक्याच्या गावांत आहे, तिलाही तेच औषध. हौशी माणसाला पळवाटही आहे: मोठ्या शहरांतल्या काही पंपांवर इथेनॉलविरहित १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, साध्याच्या दीडपट भावानं. ज्याला परवडतं त्याला निवड आहे. ज्याची गाडी पोटापाण्याची आहे त्याला नाही.

आता उसाकडे वळतो, कारण महाराष्ट्रात या विषयाची दोन्ही टोकं एकाच घरात भेटतात. कारखान्याचा सभासद असलेल्या शेतकऱ्याच्या गोठ्यापाशी २०१६ ची मोटारसायकल उभी असते. त्याचा ऊस आसवनीतून जाऊन त्याच टाकीत परत येतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला त्याला पंचाहत्तर वर्षं झाली. त्यातला बराच काळ मळी हा कारखान्याचा नकोसा माल होता. इथेनॉलनं तिला भाव दिला. २०२४-२५ साठी सी-हेवी, म्हणजे साखर जवळजवळ काढून झालेल्या मळीच्या इथेनॉलला लिटरला ५७.९७ रुपये, थोडी साखर राखलेल्या बी-हेवीच्या ६०.७३, थेट उसाच्या रसाच्या ६५.६१. पैसे ठरलेल्या मुदतीत येतात. साखर गोदामात पडून राहते तसं होत नाही. थकलेली एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान भाव, द्यायला हा पैसा कामी येतो. म्हणून कारखान्यांनी व्याजसवलतीच्या कर्जांवर आसवन्या वाढवल्या. मग ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, साखर कमी पडेल या भीतीनं रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. आठवड्याभरात थोडी सैल झाली, पण हंगामाचं गणित कोसळलं ते कोसळलंच. ती पोकळी मक्यानं भरली, आणि आज देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यातून येतं. २०२४-२५ मध्ये मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये मिळाले. ‘ऊस उत्पादकासाठी’ म्हणून सुरू झालेल्या गोष्टीत ऊस आता दुसऱ्या नंबरवर आहे.

आणि पाणी. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात उसापासून एक लिटर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाण्याचा हिशोब दिला आहे. ज्या मिरजेला मिश्रणाचा पहिला प्रयोग झाला, तिथूनच एप्रिल २०१६ मध्ये पिण्याच्या पाण्याची रेल्वे मराठवाड्यातल्या दुष्काळी लातूरला धाडावी लागली होती. मराठवाड्यात ऊस किती असावा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण इथेनॉलला ‘हिरवं इंधन’ म्हणताना ती रेल्वे विसरू नये.

इथेनॉलच्या बाबतीत सगळे ब्राझीलचा दाखला देतात. ‘तिकडे तीस टक्के चालतं, मग इथे वीस का नाही?’ ब्राझीलनं हा कार्यक्रम नोव्हेंबर १९७५ मध्ये हाती घेतला. १९७९ मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आणली. दहा वर्षांनी, १९८९-९० च्या सुमारास, इथेनॉलच तुटलं. अल्कोहोलच्या गाड्या रांगेत उभ्या राहिल्या आणि लोकांचा विश्वास उडाला. तो परत आला २००३ मध्ये, दोन्ही इंधनांवर चालणारी फोक्सवॅगन गोल आली तेव्हा. आता मालक पंपावर दोन भाव पाहतो. इथेनॉल पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून स्वस्त असेल तर ते घालतो, नाहीतर दुसरं. पेट्रोलमधलं सक्तीचं मिश्रण २०१५ मध्ये सत्तावीस टक्के झालं, ऑगस्ट २०२५ मध्ये तीस. म्हणजे पन्नास वर्षं लागली, आणि तिथली गाडी कारखान्यातून निघते तीच त्या मिश्रणासाठी. ब्राझीलचा दाखला द्यायचा तर हा अर्धा भागही द्यावा.

अमेरिकेत पंधरा टक्क्यांचं मिश्रण फक्त २००१ पासूनच्या मोटारींना घालता येतं, मोटारसायकलींना नाही, आणि तसं लेबल पंपावर चिकटवावं लागतं. ब्रिटननं सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के आणलं, तेव्हा जुन्यांसाठी पाच टक्क्यांचं पेट्रोल महागड्या नळीतून का होईना चालू ठेवलं, आणि सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या बनावटीवरून ‘चालेल की नाही’ तपासायची सोय केली.

आपल्याकडे हे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. नीती आयोगाच्या आराखड्यातच शिफारस होती: एप्रिल २०२२ पर्यंत देशभर ई-१० उपलब्ध करावं, जुन्या गाड्यांचं संरक्षक इंधन म्हणून पुढेही चालू ठेवावं, आणि ई-२० टप्प्याटप्प्यानं आणावं. शिफारशीचा पहिला भाग पाळला, शेवटचा घाईनं पाळला, मधला गळाला. निवड आणि लेबल मिळावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. सरकारच्या वतीनं ऊस उत्पादकांच्या हिताचा मुद्दा मांडला गेला, आणि १ सप्टेंबर २०२५ ला न्यायालयानं याचिका फेटाळली. कायद्याची वाट तिथे थांबली. पण ऊस उत्पादकाचं हित आणि जुन्या मोटारसायकलवाल्याचं हित एकमेकांविरुद्ध उभं करणं मला पटत नाही. ती माणसं वेगळी नाहीत.

मागणी फार मोठी नाही. पंपावरच्या प्रत्येक नळीवर टक्केवारीचा आकडा ठळक मराठीत असावा. प्रत्येक कंपनीनं आपल्या जुन्या मॉडेलांची यादी लावावी: कोणत्या सालच्या गाडीत कोणता पाइप, कोणतं किट, कोणतं जेट बदलायचं, आणि ते सुटे भाग रास्त भावात मिळतील याची हमी द्यावी. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआयसारखी वाहनसंशोधन संस्था आहे, जिथे गाड्यांच्या अशा इंधनावरच्या चाचण्या होतात. त्यांचे निकाल मॉडेलनिहाय, सामान्य माणसाला वाचता येतील असे छापावेत. आणि तालुक्याला निदान एका पंपावर ई-१० ची एक नळी, त्याच भावानं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१९ च्या अखेरीला घेतलेली कार्बोरेटरची मोटारसायकल २०३४ पर्यंत कायद्यानंच रस्त्यावर आहे, म्हणून ती नळी निदान तोवर हवी. वीसच्या पुढे सत्तावीस टक्क्यांची चर्चा दिल्लीत सुरू झाली आहे. ती पुढे जाण्याआधी हे व्हायला हवं.

तोवर ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी एवढं करावं. पावसाळ्याआधी टाकीच्या झाकणाचं रबर पाहावं. पाइप बोटानं दाबून पाहावा, कडक लागला तर बदलावा, आणि नवा घेताना इथेनॉलला चालणारा आहे का ते विचारावं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावं. आणि सर्व्हिसिंगला दिली की मेस्त्रींना नीडलचं टोक पाहायला सांगावं.